न ऐकता टाकलेली नोंद

(हिंगोली, डिसेंबर २००४. प्रेमदासचं सायबर कॅफे, सोमवारी सकाळी. तीन कॉम्प्युटर, त्यांतला एक चालू.)

अनिरुद्ध : तीनशे अठरा संपर्क. दोनदा मोजले. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला रेडिओवर जगभर बोलायची स्पर्धा सुरू झाली, तिथपासून रविवारी दुपारी दोन चाळीसपर्यंत दोनशे एकोणतीस. आणि तिथून पुढे साडेपाचला संपेपर्यंत एकोणनव्वद.

प्रेमदास : मंग पेढे आण ना! मोजत काय बसला?

अनिरुद्ध : एकवीस तास तासाला अकरासुद्धा संपर्क होत नव्हते. मग एकदम तासाला एकतीस. अँटेना तीच. पन्नास वॅटचा सेट तोच. मीही तोच. हे झालं कशानं?

प्रेमदास : देवाच्या कृपेनं.

अनिरुद्ध : प्रेमदास.

प्रेमदास : बरं, थोडी माझ्या कृपेनं. पण पहिला नंबर तर आला ना देशात? गेल्या साली तेवीस संपर्कांनी हुकला तर आठ दिवस जेवला नव्हता तू.

अनिरुद्ध : निकाल लागायचाय अजून. नोंदवहीच पाठवायची आहे. पण कमी शक्तीच्या सेटवाल्यांत तीनशेच्या वर कोणी गेल्याचं ऐकलं नाही. बहिणीनं, जाईनं, गल्लीभर सांगूनही टाकलंय.

व्यंकटराव : आत येऊ का? का तासाचे पैसे आधी भरावे लागतात?

प्रेमदास : या या, काका! तुमाला कशाचे पैसे? बसा. अन्यानं धरणावर जाऊन रेडिओचं मैदान मारलं, ऐकलं का?

व्यंकटराव : ऐकलं नाही, तीच तर तकलीफ आहे. काल दुपारी मी औंढ्याला देवळात होतो. सेटला हात लावला नाही. आणि आज सकाळी नांदेडचे मित्र फोनवर म्हणतात, "व्यंकटराव, तुमच्या चेल्याला तुम्ही काल फार जोरात ऐकलंत. इंटरनेटच्या यादीवर तुमच्या कॉलसाईननं नोंद आहे, दोन चाळीसची."

अनिरुद्ध : काकांच्या कॉलसाईननं?

प्रेमदास : मंग कोणाच्या नावानं टाकू? मला हाय का लायसन? ती यादी कॉलसाईन मागते, लायसनसंगं मिळतं ते रेडिओवरचं नाव. काकांची तोंडपाठ होती.

व्यंकटराव : काय लिहिलंस?

प्रेमदास : अन्याची कॉलसाईन. फ्रिक्वेन्सी चौदा दोनशे चाळीस. अन् शेवटी, "हिंगोली, खूप जोरात."

व्यंकटराव : तू ऐकलंस जोरात?

प्रेमदास : मी इथं, तो सिद्धेश्वर धरणावर. माझ्याकडं रेडिओ न्हाई. कुठून ऐकू?

व्यंकटराव : मग ती यादी कशाची असते?

प्रेमदास : ठाऊक हाय, काका. ज्यानं कानानं ऐकलं त्यानं लिहायचं, अमका इथं बोलून राहिला. मंग जगातले लोक तिथं रेडिओ फिरवतात. पण काका, बाकीच्यांचे मोठे सेट, मोठ्या अँटेना. आपला गडी बांबूवर तार बांधून ओरडून राहिला, त्याला कोणी ऐकंना. मी दोन शब्द लिहिले तर कोणाचं काय बुडालं?

व्यंकटराव : त्याला कोणी ऐकत नाही, हे तुला कोणी सांगितलं?

प्रेमदास : ...त्यालाच इचारा.

अनिरुद्ध : मी सांगितलं. धरणाच्या कॉलनीतल्या टपरीवरून फोन केला होता. पण नोंद टाक असं मी म्हणालो नाही. मला नियम माहीत आहे. स्वतःची नोंद स्वतः टाकायची नाही, दुसऱ्याला टाकायला सांगायचं नाही. मी फक्त म्हणालो की घसा बसला, अर्ध्या तासात दोनच आले.

प्रेमदास : अन् फ्रिक्वेन्सी सांगितली.

अनिरुद्ध : बोलण्यात आली ती.

व्यंकटराव : काहून आली? याच्याकडे रेडिओ नाही. याला चौदा दोनशे चाळीसचा आकडा काय कामाचा? भाव आहे का तो तुरीचा?

प्रेमदास : काका, त्याला नका बोलू. चूक माझी.

व्यंकटराव : तुझी वेगळी, त्याची वेगळी. अनिरुद्ध, मी दुसऱ्या कोणाला विचारत नाही, तूच सांग. फोन ठेवल्यावर काय वाटलं होतं तुला?

अनिरुद्ध : ...की हा कॉम्प्युटरसमोर बसलेला असतो.

व्यंकटराव : बराबर.

अनिरुद्ध : तीन वाजेपर्यंत चौतीस आले, काका. इटली, युक्रेन, जपान. एकावर एक. मला कळलं होतं काहीतरी झालंय. मी विचार नाही केला. केला असता तर थांबावं लागलं असतं.

प्रेमदास : काका, तुमच्या लायसनला काही होईन का?

व्यंकटराव : मी पत्र लिहितो आयोजकांना, ती नोंद माझी नव्हती म्हणून. धरणाच्या वायरलेसवर सत्तावीस वर्षं पाण्याची पातळी कळवली मी. पुराच्या दिवसांत एकदा साहेब म्हणाले, अंदाजानं सांग, वर घाई आहे. मी कंदील घेऊन पाण्याच्या मोजपट्टीपर्यंत गेलो, मग सांगितली. माझ्या नावानं गेलेली न पाहिलेली गोष्ट ही पहिलीच.

प्रेमदास : ...चुकलं, काका.

अनिरुद्ध : मी काढून टाकतो. दोन चाळीसनंतरचे सगळे एकोणनव्वद. दोनशे एकोणतीस माझे आहेत, तेवढेच पाठवतो.

प्रेमदास : हां! हे झालं न्यायाचं. तेवढ्यात दुसरा नंबर तरी येईन.

व्यंकटराव : आणि ते एकोणनव्वद जण?

अनिरुद्ध : त्यांचं काय?

व्यंकटराव : त्यांनी तर तुला खरंच ऐकलं. त्यांच्या वहीत तू आहेस. आयोजक दोन्ही वह्या ताडून बघतात. तुझ्या वहीत ते सापडले नाहीत तर त्यांचा संपर्क खोटा धरतात, वर दंडाचे गुण कापतात. इटलीतल्या माणसानं काय पाप केलं?

अनिरुद्ध : म्हणजे ठेवले तर मी खोटा, काढले तर ते खोटे.

प्रेमदास : असा कसा खेळ हाय हा? पुढं आड, मागं विहीर.

व्यंकटराव : तिसरी वाट आहे. वही पूर्ण पाठवायची, एकही ओळ न गाळता. फक्त प्रकाराच्या रकान्यात "तपासणीसाठी" लिहायचं. तिच्यावरून बाकीच्यांच्या वह्या ताडतात. त्यांचे गुण त्यांना मिळतात.

प्रेमदास : अन् अन्याला?

अनिरुद्ध : मी स्पर्धेत धरला जात नाही.

प्रेमदास : दुसराबी न्हाई? शेवटचाबी न्हाई?

अनिरुद्ध : नंबरच नाही.

प्रेमदास : काका, चोवीस तास बसला तो तिथं. मच्छीवाल्याच्या झोपडीत, भाकरी अन् ठेच्यावर. तार त्यानं सोता बांधली.

व्यंकटराव : माहीत आहे. तार तपासायला मीच गेलो होतो. मी जबरदस्ती करत नाही. वही त्याची आहे.

अनिरुद्ध : ...प्रेमदास, लाईन चालू आहे का?

प्रेमदास : चालू हाय.

अनिरुद्ध : मेल उघड. फाईल या फ्लॉपीत आहे. प्रकाराची ओळ वरून तिसरी. ती बदल.

प्रेमदास : तूच कर ना. माझा हात न्हाई चालत.

अनिरुद्ध : सरक बाजूला. बदलली. काका, तुम्ही एकदा बघा.

व्यंकटराव : बघितली. प्रेमदास, तू लायसनच्या परीक्षेचा फॉर्म भरलास का?

प्रेमदास : आता कोणत्या तोंडानं भरू?

व्यंकटराव : तोंडाचं नाही, कानाचं काम आहे. रविवारी घरी ये. जे ऐकू येईल तेच कागदावर लिहायचं. एक तास.

प्रेमदास : काहीच आलं न्हाई ऐकू तर?

व्यंकटराव : तर कोरा कागद दाखवायचा.

अनिरुद्ध : गेली फाईल.

प्रेमदास : थांब, उलटं उत्तर आलंबी. मशीनच पाठवतं वाटतं.

अनिरुद्ध : वाच.

प्रेमदास : "वही मिळाली. प्रकार, तपासणीसाठी. एकूण संपर्क, तीनशे अठरा. स्पर्धेसाठी धरलेले, शून्य."