प्रश्न कोणी ठरवला?

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष प्राचार्य जितेंद्र सामंत सर, व्यासपीठावरील संस्थेचे पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या उत्सवमूर्ती, राज्यशास्त्राच्या सुभद्रा परब मॅडम, शिक्षकवृंद, पालक बंधू-भगिनी आणि विद्यार्थी मित्रहो,

पालकांच्या वतीने मी बोलावं, असं सरांनी सुचवलं. मी रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून, जाळं ओढणारा माणूस. किनाऱ्यावर ओरडायची सवय, माईकवर हळू बोलायची नाही. आवाज चढला तर पुढच्या रांगेने सांभाळून घ्यावं.

मॅडमच्या सेवेबद्दल, शिस्तीबद्दल आधीचे वक्ते बोललेच आहेत. मी फक्त आमच्या घरातलं सांगतो. सुशीला, म्हणजे आमची मंडळी, तिकडून डोळे मोठे करतेय. करू दे. आज सांगणारच.

गेल्या वर्षी गावात नवी जेटी बांधायचा विषय निघाला. आमचा प्रीतम तेव्हा नुकताच मतदार झालेला, दिवसभर मोबाईलवर. त्यात 'जेटी' एवढं टाईप केलं की खाली आपोआप ओळी यायच्या. जेटीच्या विरोधकांना कोण पोसतं, विरोधक विकासाचे शत्रू का, असलं काहीबाही. पोराला वाटलं, सगळा गाव हेच विचारतोय, म्हणजे त्यात काहीतरी असणारच. एक ओळ उघडली की व्हिडिओ, तो संपला की दुसरा. आणि विरोधकांच्या सभेत पहिल्या रांगेत कोण बसलेलं? त्याचा बाप.

त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. रापणीच्या दोराला हात लावेना. मी समोर बसलेला असताना आईला म्हणायचा, त्यांना सांग, ताट वाढलंय. हसू नका, माझा जीव जात होता. एकुलता एक मुलगा आपल्याला विकला गेलेला समजतो, कुठल्या बापाला झोप येईल? पुढे तर तो घर सोडून गोव्याला जायच्या गोष्टी करू लागला. आणि माझा स्वभाव असा, की आपणहून समजवायला जाईन तर शपथ.

ही भांडणं मॅडमच्या वर्गातही पोचली. प्रीतम एका बाजूला, विरोधकांची बाजू घेणारी अपेक्षा नावाची मुलगी दुसऱ्या बाजूला. मॅडमनी काय केलं? दोघांचे मोबाईल शेजारी ठेवले आणि दोघांनाही 'जेटी' टाईप करायला लावलं. प्रीतमचं तर तुम्हाला ठाऊक झालंच. अपेक्षाच्या मोबाईलवर आलं, जेटीवाले गाव कसं विकतात, जेटीवाल्यांचे दलाल कोण. गाव एक, जेटी एक, आणि ओळी ह्या अशा. मॅडम रागावल्या नाहीत, मोबाईलला नावं ठेवली नाहीत. एवढंच विचारलं, "देवळात कौल लावतो, तेव्हा प्रश्न कोण ठरवतं? गुरव?"

प्रीतम म्हणाला, नाही, ज्याचं काम असतं तो ठरवतो, गुरव फक्त देवापुढे मांडतो.

"मग इथे प्रश्न कोणी ठरवला?"

मग मॅडमनी गृहपाठ दिला. प्रश्न स्वतःच्या शब्दांत मांडायचा, आणि ज्याच्याबद्दल आहे त्यालाच जाऊन विचारायचा.

त्या संध्याकाळी मी अंगणात जाळं सांधत होतो. प्रीतम येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाबा, जेटीक तुम्ही नाय कित्याक म्हणतास?"

मी म्हटलं, "अरे, मी जेटीक नाय म्हणूकच नाय. रापणीची जागा सोडून खाडीच्या तोंडाक करा, इतकाच म्हणतंय." रापणीला सलग मोकळा किनारा लागतो, मध्ये बांधकाम आलं की जाळं ओढायचं कुठून? हे त्याला लहानपणापासून माहीत. फक्त त्या ओळींत ते कधी आलंच नव्हतं. तो खाली बसला आणि जाळ्याचं दुसरं टोक त्याने हातात घेतलं.

माझ्या बाजूने आला का? छे! जेटी ठरलेल्या जागीच हवी, असं अजूनही म्हणतो. आम्ही रोज भांडतो, पण तोंडावर. सुशीला म्हणते, आधीची शांतता बरी होती. मला विचाराल तर छातीवरचा धोंडा उतरला.

मॅडम, माझा मुलगा घरात राहिला तो तुमच्यामुळे. तुमचे आभार कसे मानावेत ते मला कळत नाही. संस्थेने मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल ऋणी आहे. मोठ्यांसमोर बोलताना काही कमी-जास्त झालं असेल, तर कोळ्याचा आवाज समजून पोटात घालावं.

आज घरून निघताना प्रीतमने विचारलं, मॅडमबद्दल काय बोलणार? मी म्हटलं, "तू माका इचारूक इलंस, ता सांगतलंय." तेवढंच सांगितलं.