पूजेला ठेवलेलं नाटक

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला एवढं सांगा. सरस्वतीची पूजा केली, फुलं वाहिली, नैवेद्य दाखवला — आणि तीच सरस्वती बोलायला लागली तर आपण पाठ फिरवली! याला भक्ती म्हणायचं का? नाही म्हणता? मग ऐका, अशा भक्तांचं एक गावच सांगतो!

नदीपलीकडं सोनवळी. तिथं भैरवनाथाची यात्रा आणि यात्रेत हौशी मंडळाचं नाटक. कोणतं? आजोबांनी केलं तेच! मंडळाचे अध्यक्ष बापूराव मुळीक त्यात राजपुत्र. राजपुत्राला कवळी, राजपुत्राच्या गुडघ्याला पट्टा — राजकन्येपुढं एकदा खाली बसला की उठवायला प्रधान लागतो! आणि गावाला नाटक इतकं पाठ, की प्रॉम्प्टर पहिल्याच अंकात चहाला जातो.

हसा, हसा. आता राग यायची गोष्ट आहे.

त्याच गावात रेवती घोलप, बालवाडीची बाई. तिनं नाटक लिहिलं — एका घरात दोन चुली होतात, त्या दिवसाचं. गावची माणसं, गावची बोली. वही बापूरावांना नेऊन दिली. बापूराव माणूस वाईट नाही हो! त्यांनी वही कपाळाला लावली, नटराजापुढं पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले. आणि — उघडली नाही! रोज वहीला फूल, आणि तालीम जुन्याच नाटकाची! रेवती विचारायला गेली की म्हणायचे, देवाच्या पायाशी ठेवलंय बाई, आणखी मान तो काय?

मान कसला! लेकराला जरीचं अंगडं घातलं आणि दूध पाजायचं राहिलं, तर ते लेकरू जगेल का?

यात्रेत माझं कीर्तन होतं. मंडळाच्याच खोलीत उतरलो होतो. दुपारी रेवती आली आणि मूर्तीपुढची वही उचलून पिशवीत घालू लागली. काय गं, म्हटलं.

"घरी नेते, बुवा. उद्या बंबात घालीन. परत नाही लिहायची."

मी वही हातात घेतली. कुंकू ओलावून पहिलं पान दुसऱ्याला चिकटलेलं. नखानं सोडवावं लागलं. मंडळी, माझं डोकं फिरलं. जित्या बाईच्या तोंडावर कुंकू थापून तिला मुकी केली, आणि वर तिलाच नमस्कार!

संध्याकाळी कीर्तनाला सगळं मंडळ पुढं बसलेलं. पूर्वरंग झाला. आख्यानाची वेळ आली तशी मी रेवतीला बोलावून माझ्या जागी उभी केली. म्हटलं, आजचं आख्यान ही वाचणार. बापूराव उठायला लागले. पण आरतीआधी कीर्तनातून उठतो कोण? आणि आरतीचं तबक मी मांडीवर घेऊन बसलेलो!

आधी ती वहीत डोकं घालून वाचत होती. मग सासू बोलायला लागली तशा बाया हसल्या. आणि धाकटी जाऊ नव्या चुलीवरची पहिली भाकरी थोरलीच्या लेकराला नेऊन देते, तिथं त्याच बायांनी आपापली लेकरं जवळ ओढली. बापूराव स्वतः भावाशी भांडून वेगळे निघालेले. त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं. वाचन संपलं तेव्हा एवढंच म्हणाले, "यातला थोरला भाऊ मी करीन. राजपुत्र पुरे झाला."

झालं ते नाटक! पुढच्या यात्रेत माणसं उभं राहून बघत होती, आणि प्रॉम्प्टरचा चहा कायमचा बंद झाला.

बरं वाटलं ना ऐकून? दुसऱ्याच्या गावाला हसायला काय लागतं! पण आजही मी नाट्यमंडळाच्याच खोलीत उतरलोय — तुमच्या! तिथं तसबिरीखाली एक वही आहे. वर हार, हाराखाली कुंकू, कुंकवाखाली नाव — मनोहर गायधनी. पानं चिकटलेली! गुरवाला विचारलं, तर म्हणाला, ती पूजेतली आहे. म्हणजे इथंही तेच! नवं कुणी लिहीत नाही म्हणून चावडीवर रडता, आणि लिहिणारा तुमच्याच सतरंजीवर मागं खांबाला टेकून बसलाय. मघाशी तुम्ही सगळे हसलात. तो हसला नाही.

अध्यक्ष, बसा. तबक माझ्याजवळ आहे. मनोहरराव, या पुढं. पानं मी सोडवून आणलीत.