साडूंची टर्बो

खरं सांगतो, आमच्या साडूंनी, सुधाकररावांनी, लातूरला लाल टर्बो स्पोर्ट्स कार घेतली आणि माझा लई जळफळाट झाला. माझी जुनी गाडी बिनटर्बोची. पण अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला की लगेच पळते, एवढाच मला आधार.

रेणापूरच्या रस्त्यावर त्यांनी मला त्यांची टर्बो चालवायला दिली. मी पाय दाबला, पण गाडी काही उचल खाईना.

"सुधाकरराव, ही तर झोपली हाय!" मी खुशीत म्हणालो. तेवढ्यात तिनं असा हिसका दिला की माझी पाठ सीटला चिकटली.

"टर्बोला जोर धरायला क्षणभर लागतो," ते शांतपणे म्हणाले. "आधी खालचा गिअर टाका, मग दाबा."

तसं केलं. पुढचा उसाचा ट्रक कधी मागं पडला, कळलंच न्हाई.

घरी आल्यावर सुधाकररावांसमोरच बायकोनं विचारलं, "कशी हाय गाडी?"

"जरा सुस्तच हाय."

"मग किल्ली द्या की त्यांना. केव्हाची मुठीत धरून बसलाय!"