सुरुवात शोधणारी अक्का

अम्मा, अप्पा आणि प्रयोगशाळेतल्या माझ्या सोबत्यांनो,

अक्काबद्दल बोलायला उभी राहिलेय. तमिळ मंडळींनी माफ करावं. अम्मा मूळच्या मराठी, त्यांच्यासाठी मी मराठीतच बोलते.

अम्मा, तुमची लेक वत्सला अक्का आणि मी एकाच टेबलावर यीस्टवर काम करायचो. पाव फुगवतं ना, तेच यीस्ट. एका पेशीच्या दोन होण्याआधी तिच्या गुणसूत्रांची नक्कल होते. ती एका टोकापासून होत नाही, मध्येमध्ये शेकडो जागी सुरू होते. त्या जागा शोधायच्या, नकाशा काढायचा. हेच आमचं काम.

त्यासाठी साऱ्या पेशी आधी थांबवायच्या आणि मग एकदम सोडायच्या. औषध घातलं की अक्का फ्लास्ककडे बघत म्हणायची, "इरु, इरु." मी पुण्याहून इथं नवी आलेली. मला वाटलं, मंत्रबिंत्र आहे!

"अगं वेडे, तमिळमध्ये इरु म्हणजे थांब. राहा, असंही."

मग काय, मी सगळ्यांनाच इरु म्हणत सुटले. रिक्षावाल्याला, अगदी सरांनासुद्धा. अक्काची हसून हसून पुरेवाट.

"मोठ्यांना इरुंगो म्हणायचं गं!"

"मग तुला?"

"मला इरुच. मी काय म्हातारी आहे?"

म्हातारी व्हायला हवी होती हो ती.

रक्ताचा कर्करोग झाला. जिच्या हातून पेशी थांबायच्या, तिच्याच रक्तातल्या पेशी थांबेनात.

अम्मा, वॉर्डबाहेर तुम्ही माझा हात धरून विचारलंत, "तुम्ही दोघी सुरुवात कुठं होते तेच शोधत होतात ना? मग माझ्या लेकीच्या अंगात हे कुठून सुरू झालं?" अम्मा, यीस्टचं विचारा, सांगते. तिचं नाही सांगता येत.

सगळे म्हणतात, तिचा नकाशा तू पुरा कर. करीन. एकच गुणसूत्र राहिलंय, होईल तेही. पण झाल्यावर दाखवू कुणाला?

शेवटच्या दिवशी मी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "इरु, अक्का." पुन्हापुन्हा म्हणाले. तिने डोळे उघडले नाहीत.

आता आपण सगळे उभे राहूया. मनात हवं तर तिचाच शब्द म्हणा. उपयोग झाला नाही त्याचा, ठाऊक आहे मला. तरी म्हणा.

इरु, अक्का.