गाईच्या कानाची खाच

मुलांनो, अशी कल्पना करा, की म्यानमारच्या डोंगरातल्या हाखा शहराच्या बसथांब्यावर तुम्ही माझ्याजवळ बसला आहात. शेजारच्या बाकावर आईबाप गमावलेली तिआल आहे. आजोबा तिला कायमचं मामाकडे पोचवायला निघालेत.

“आजोबा, तिथं मी कोणाची?”

“मामाची. त्याआधी देवाची. बाप्तिस्मा झालाय ना तुझा?”

“ते पाणी तर वाळलं. रानात सोडलेल्या आपल्या मिथुन जातीच्या गाईच्या कानाला आपल्या मालकीची खाच तरी आहे.”

“ती खाच परक्यांसाठी, पोरी. मी तिला कशावरून ओळखतो?”

“नुसत्या चालीवरून. धुक्यातसुद्धा.”

“मग देवाची नजर माझ्यापेक्षा अधू आहे का?”

“तुमच्यापेक्षा अधू कोणाचीच नाही.”

बस आली. तिआलनं आपलं बोचकं उचललं, आजोबांच्या आधी चढली आणि खिडकीजवळची जागा त्यांच्यासाठी धरून ठेवली.