गिटार सुरात आली

कोलशेतच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे गिटार घेतलेला एक तरुण आणि त्याची बहीण उभी होती.

“पोपटदादा, आज मंजुळाची हळद. नवीन नेक, म्हणजे दांडा, बसवल्यापासून गिटार बेसूर वाजत होती ना तुझी?”

“वाजायची. मोकळ्या तारा सुरात, पण दांड्यावरच्या बाराव्या फ्रेटवर, म्हणजे बाराव्या पट्टीवर, दाबलं की सूर चढायचा. काल स्क्रू फिरवून प्रत्येक तारेची घोडी मागे सरकवली. आता एकदम सुरात!”

“मग तोंड का पाडलंस?”

“अगं, बोटं माझीच अडखळतात. आतापर्यंत दोष गिटारवर ढकलत होतो. आता पाहुण्यांना काय सांगू?”

“वाजव की जमेल तसं.”

“शीले, पिशवीतला स्क्रूड्रायव्हर दे. एका तारेची घोडी तरी परत पुढे सरकवून ठेवतो.”

“पिशवीत नाहीये. तो मी मुद्दाम घरी ठेवलाय.”