ओरेस्टच्या नावाचा डबा

...आणि वर तो आमचे कॉम्प्युटर सांभाळणारा डार्सी फोनवरून मलाच विचारतो, "लॉर्न, बंद करून परत चालू करून बघितलंत का?" अरे बाबा, नऊ दिवस मी दुसरं काय करतोय? तुम्हाला सांगतो, यॉर्कटनमधलं आमचं ऑफिस एवढंसं, म्हाताऱ्या माणसांना दुपारचं जेवण घरपोच द्यायचं, माणसं चार, कॉम्प्युटर चार आणि चौघांत मिळून यादीचा प्रोग्रॅम एक. कोण कुठे राहतं, कोणाला साखर चालत नाही, कोणाला चावता येत नाही, सगळं त्यात. सकाळी त्यातून नावांच्या चिठ्ठ्या छापून निघतात, स्वयंपाकघरात आमची बर्नाडेट त्या डब्यांवर चिकटवते, आणि चिठ्ठी असेल तरच डबा.

तर शनिवारी ओरेस्ट किंद्राचुक वारले. एक्याऐंशी वर्षांचे, सरळ माणूस. सोमवारी त्यांचं नाव काढायला मी यादी उघडली, तर पडद्यावर पाटी... फाईल फक्त वाचण्यासाठी उघडली आहे, बदल होणार नाहीत. म्हणजे काय, वाचा, पण हात लावू नका!

साडेअकराला त्यांच्या बायकोचा, स्टेफीबाईंचा फोन. "लॉर्न, डब्यावर ओरेस्टचं नाव आहे रे. तेवढं काढ." आवाज इतका शांत, की ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, आज काढतो.

आज! मंगळवारी चौघांचे कॉम्प्युटर बंद केले, चालू केले. वाचा, पण हात लावू नका. बुधवारी डार्सी रेजायनाहून म्हणाला, कोणीतरी फाईल उघडी ठेवली असेल, शेजारी कुलपाच्या चित्राची एक छोटी फाईल असेल, ती पुसा. शोधली, तर ती नव्हतीच. तर म्हणे, "नाहीये? मग तोच घोटाळा आहे." म्हणजे असली तरी घोटाळा, नसली तरी घोटाळा! त्याच दिवशी दुपारी दफनविधी होता, मी गेलो, बाईंच्या नजरेला नजर देता येईना, कारण सकाळीसुद्धा नवऱ्याच्या नावाचा डबा त्यांनी सही करून घेतला होता.

गुरुवारी मी डोकं चालवलं. यादीची एक प्रत माझ्या कॉम्प्युटरवर उतरवली, आणि काय सांगू, तिथे नाव चटकन निघालं! नाचायचा बाकी होतो. पण चिठ्ठ्या छापायच्या त्या सगळ्यांच्या सामाईक यादीतूनच ना... माझ्या टेबलावर ओरेस्ट वारलेले, आणि स्वयंपाकघरात ठणठणीत.

शुक्रवारी म्हटलं, गेलं खड्ड्यात, आणि चिठ्ठी फाडून टाकली. चिठ्ठी नाही, डबा नाही! पण डबे पोचवणारे आमचे वॉल्टर, वय अठ्ठ्याहत्तर, नियमाला पक्के. त्याच यादीतून छापलेल्या त्यांच्या कागदावर ओरेस्टपुढे सही नाही. आणि नियम असा, की ज्याचा डबा पोचला नाही तो घरात पडलाबिडला असेल, पोलिसांना कळवा. वॉल्टरनी कळवलं. उणे तीस थंडीत एक पोलीस स्टेफीबाईंच्या दारात. "ओरेस्ट बरे आहेत का?" बाई म्हणाल्या, "कबरस्तानात आहेत, जाऊन विचारा." मग मला फोन. "लॉर्न, पोलीस पाठवलास. तोही रिकाम्या हातांनी आला." मला वाटलं, टोमणा मारला.

सोमवारपासून परत चिठ्ठी, परत डबा, परत डार्सी. बंद करा, चालू करा. वाचा, पण हात लावू नका! बर्नाडेट म्हणाली, "लॉर्न, त्या डब्यावरची चिठ्ठी मी नाही चिकटवत, तूच चिकटव." मी चिकटवली.

मंगळवारी, नवव्या दिवशी, डार्सीला सापडलं. ओरेस्ट वारले त्याच शनिवारी यादी नव्या जागी हलवताना त्याने चौघांना नुसता वाचायचा हक्क दिला होता, लिहायचा नाही. मी चढलो त्याच्यावर, हे कुठल्या शहाण्याने ठरवलं म्हणून. तो म्हणाला, "तुम्ही." सप्टेंबरमध्ये फॉर्म आला होता म्हणे, प्रत्येकाच्या नावापुढे दोन चौकटी, वाचणे आणि लिहिणे, मी चौघांच्याही फक्त 'वाचणे'वर खूण केली होती, खाली माझी सही... तुम्हाला सांगतो, आठवलं मला. जेवणाच्या सुट्टीत भरला होता, न वाचता! वाचायचा हक्क सगळ्यांना वाटला आणि स्वतः तेवढं केलं नाही.

पाच मिनिटांत दुरुस्त झालं. ओरेस्टचं नाव काढलं, कोट चढवला आणि तडक बाईंच्या घरी गेलो. म्हटलं, चूक माझी होती, नऊ दिवस तुम्हाला छळलं, आता नाव गेलं, उद्यापासून डबा येणार नाही.

बाईंनी मला बसवलं. म्हणाल्या, "मग मी काय खायचं?"

मला कळेचना.

"अर्धा तो खायचा, अर्धा मी. दोन वर्षं. हे हात बघ, भांडं उचलवत नाही. मी नाव काढ म्हणत होते रे, डबा बंद कर कुठे म्हणाले?"

तसाच ऑफिसात परत. त्यांचं नाव घालायला बसलो. पण नवीन नाव म्हणजे नवा अर्ज, डॉक्टरांचं पत्र, घरी भेट, शिवाय नऊ दिवसांत ज्यांना घालता आलं नव्हतं, त्यांची रांग पुढे. सहा आठवडे! आता लिहायचा हक्क आहे मला, हवं ते लिहितो, पण रांग ओलांडता येत नाही.

तर सध्या बायको सकाळी मला बांधून देते तो डबा साडेअकराला स्टेफीबाईंकडे जातो. मी बिस्किटं खातो. संध्याकाळी बायको विचारते, जेवण कसं झालं होतं. आता मला काय ठाऊक? बाई फोनवर जे सांगतात तेच सांगतो... मीठ कमी होतं.